जाळीमागचा कागद

१

मंगळवारी सकाळी मांडवीच्या धर्मादाय दवाखान्याच्या ओसरीवर तीसेक माणसे बसली होती, आणि औषध घ्यायला कोणीही उठत नव्हते.

हरिहर मुळ्ये गुडघ्याचे तेल न्यायला आले होते. जिल्हा कोर्टात तीस वर्षे शिरस्तेदारी केलेल्या माणसाला गप्प माणसांची सवय असते. पण कोर्टातली माणसे आपली पाळी आलेली नसते म्हणून गप्प बसतात. ही माणसे बोलायचे नाही असे ठरवून गप्प बसली होती. औषधांच्या खिडकीत जन्नतबी एकेक बाटली पुसून जागेवर ठेवत होती. सोळा वर्षे त्या खिडकीत बसणारी, अर्ध्या मांडवीची बाळंतपणे केलेली बाई. तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. सगळे समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

समोरच्या भिंतीवर सूचनांची फळी होती. मांडवीच्या शेळ्या खळीच्या वासाने कागद भिंतीवरून ओढून खातात, म्हणून फळीला जाळीचे दार आणि दाराला कुलूप होते. त्या जाळीमागे, बरोबर मधोमध, चार ओळींचा एक कागद होता. हरिहरपंत जवळ गेले.

‘सूचना. जन्नत गफूर सोलकर हिचे हातचे औषध कोणी घेऊ नये. हिने एका आईचा मुलगा मारला. खोटे असेल तर हिने कोर्टात जावे.’

खाली सही नव्हती.

डॉक्टर भास्कर फणसळकर अकराला सायकलवरून आले. ते आठवड्यातून दोनदाच येत, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यांनी कागद वाचला आणि त्यांचे कान लाल झाले. जन्नतबीकडून किल्ली घेऊन त्यांनी तो स्वतःच्या हाताने सोडवला. तेवढ्यात दवाखान्याचे विश्वस्त अस्लमशेट होडेकर येऊन पोचले. बातमी त्यांच्या वखारीपर्यंत केव्हाच गेली होती.

अस्लमशेटनी आवाज चढवला नाही. त्यांनी एवढेच सांगितले, की शुक्रवारी चार वाजता विश्वस्तांची सभा आहे. तोपर्यंत बाईने फिर्याद केली तर ठीक. नाही केली, तर कागद खरा समजून तिला काढावे लागेल. ज्याला अब्रू असते तो ती गेल्यावर गप्प बसत नाही.

डॉक्टर हरिहरपंतांकडे वळले. ‘‘ही बदनामी होते की नाही, ते सांगा.’’

कायदा समजावून सांगताना हरिहरपंतांचा आवाज नेहमी खाली येई. समोर डॉक्टर असो की पाटीवाली पोर, त्यांची रीत एकच.

‘‘तीन गोष्टी लागतात,’’ ते म्हणाले. ‘‘मजकूर नाव घालवणारा हवा. कोणाचं नाव, ते कळायला हवं. आणि तिसऱ्या माणसानं तो वाचायला हवा. मी पाकिटात घालून तुम्हाला शिवी पाठवली, तुम्ही एकट्यानं वाचून जाळलीत, तर ती शिवीच राहिली, बदनामी नव्हे. अब्रू तुमच्या घरात नसते डॉक्टर, ती शेजाऱ्यांच्या घरात असते. म्हणून कायदा विचारतो, शेजाऱ्यांच्या घरात हे नेऊन कोणी टाकलं?’’

‘‘आणि मजकूर खरा असला तर?’’ अस्लमशेटनी मध्येच विचारले.

‘‘नुसता खरा असून फौजदारीत भागत नाही. चौघांच्या भल्यासाठी सांगितलेला हवा. पण ते पुढचं. आधी लावला कोणी, ते बघू.’’

त्यांनी कुलूप उलटसुलट करून पाहिले. फोडलेले नव्हते. जाळी कुठे वाकलेली नव्हती. दुसरी किल्ली दोन पावसाळ्यांपूर्वी जेटीवरून पाण्यात पडली होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. उरली एक. ती रात्रंदिवस जन्नतबीच्या पदराच्या गाठीत असे.

२

माणसे पांगल्यावर हरिहरपंत खिडकीपाशी स्टूल ओढून बसले.

जन्नतबीने आठ वाजता दार उघडले होते. ओसरी झाडली, पाणी भरले, खिडकीत येऊन बसली. किल्ली कोणाला दिली नव्हती. कोणाला फळीजवळ पाहिले नव्हते. हे सगळे तिने न अडखळता सांगितले.

‘‘आठ ते अकरा तीन तास होतात, जन्नतबी. फळी तुझ्या डोळ्यासमोर. लोक उभे राहून वाचत होते. तुला काहीच वाटलं नाही?’’

‘‘माझं ध्यान बाटल्यांत.’’

‘‘औषध घ्यायला कोणी आलं नाही, तरी?’’

ती फडके पिळत राहिली. मग म्हणाली, ‘‘जाऊ दे ना, हरिभाऊ. कोर्टाबिर्टाचं नको. चार दिवसांनी माणसं इसरतील.’’

हरिहरपंतांनी तिच्याकडे नीट पाहिले. तीस वर्षांत त्यांच्या टेबलावर बदनामीच्या कितीतरी फिर्यादी आल्या होत्या. फिर्यादी माणूस एकजात तणतणत येई. त्याला आधी दोषी हवा असे आणि मग कायदा. जाऊ दे म्हणणारी ही पहिलीच.

त्यांनी विचारले, दवाखान्यात कधी कोणाचे मूल गेले का? ती ताठ झाली. चारशेवर बाळंतपणे केली, अल्ला जाणतो, एकाही आईचे मूल तिच्या हातून गेले नव्हते. हे ती इतक्या सरळ बोलली, की त्यांना ते खरे वाटले. डॉक्टरांनीही सोळा वर्षांच्या वह्या पाहून हेच सांगितले होते.

निघताना त्यांना गुडघ्याचे तेल आठवले. जन्नतबीने पाठमोरीच हात मागे नेला आणि चाळीस बाटल्यांतून नेमकी बाटली काढली. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोरा होता, कुणाला एक गाठ, कुणाला तीन, काहींना शिंपल्याचा तुकडा बांधलेला.

‘‘हे कशाला गं?’’

‘‘काळोखात चाचपून गावतात,’’ ती हसून म्हणाली. ‘‘बाळंतपणं काय दिवस बघून येतात?’’

घरी येऊन त्यांनी डॉक्टरांकडून मागून आणलेला कागद खिडकीच्या उजेडात धरला. चारही कोपऱ्यांवर वाळलेली खळ होती, आणि तिच्यावर निळसर झाक होती. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालणारे ठिकाण मांडवीत एकच होते. खळ दवाखान्यातली होती. किल्ली दवाखान्यातली होती. बाहेरून आला होता तो फक्त कागद.

३

बुधवारी सकाळी ते अस्लमशेटच्या कौलांच्या वखारीत गेले.

अस्लमशेटना ते का आलेत हे विचारावे लागले नाही. त्यांची भाची इशरत मुंबईहून परिचारिकेचे शिक्षण घेऊन आली होती आणि घरी बसून होती. जन्नतबीची जागा रिकामी झाली तर ती कोणाला मिळेल, हे मांडवीतले पोरही सांगू शकले असते.

‘‘मुळ्येभाऊ, चहा घ्या आणि मग संशय घ्या,’’ अस्लमशेट म्हणाले. ‘‘विश्वस्त आम्ही चौघं. त्यातले तीन हात माझे आहेत. मला तिला काढायची असती तर सभेत बोट वर केलं असतं. असली सूचना लावून दवाखान्याचं नाव मी का घालवीन? तिथे माझ्या बापाच्या नावाची पाटी आहे.’’

बोलणे उद्धट होते, पण त्यात खोट नव्हती. ज्याला दार उघडे आहे तो भिंत चढत नाही. हरिहरपंतांनी मनातल्या यादीतले एक नाव खोडले आणि सहज विचारावे तसे विचारले, की एरवीच्या सूचना फळीवर कशा लागतात?

अस्लमशेट त्या लिहून देत. घरी काम करणारी बाई जाता जाता दवाखान्यात पोचवी. जन्नतबी खळ लावून चिकटवी आणि कुलूप घाली. पहिल्यापासून असेच.

‘‘ती वाचून लावते?’’

‘‘म्हणजे काय, न वाचता लावते?’’ अस्लमशेट हसले. ‘‘तिच्याकडे तर अर्ध्या मांडवीच्या बायका बोटीवरच्या माणसांची पत्रं वाचून घ्यायला जातात. पुरुषाकडून वाचून घेण्यापेक्षा बरं.’’

हरिहरपंतांनी चहा संपवला. वखारीतून बाहेर पडून ते जेटीपर्यंत चालत गेले आणि होड्यांकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. एक विचार त्यांच्या मनात आला होता, आणि तो त्यांना मुळीच आवडला नव्हता.

४

उरला होता अक्षराचा प्रश्न. अक्षर मोठे, सुटे आणि जपून काढलेले होते. एक गोष्ट त्यांना पहिल्याच दिवशी खटकली होती. लिहिता येणारा माणूस आधी अक्षर लिहितो, मग डोक्यावर रेघ देतो, घाईत असला तर देतही नाही. इथे रेघ आधी ओढली होती, पट्टी लावून, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. शाई जिथे दाट झाली होती तिथून दिसत होते, की अक्षरे मागाहून तिला टांगली होती.

सुमेधाबाई दामले शाळेत शिकवत आणि दुपारी दोन ते चार मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेत. जन्नतबीवर त्यांचा राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

‘‘वर्गाला येणाऱ्या बायकांना ती हसायची. पिकल्या केसांनी पाटी धरून काय मिळणार, म्हणायची. तिच्या बोलण्यानं पाच जणी सोडून गेल्या. मी तिला म्हटलं, तुला येतं, तर तू येऊन शिकव. चार घरं लांब राहते, पण एकदा उंबऱ्यात पाऊल घातलं नाही तिनं.’’

हरिहरपंतांनी कागद पुढे केला. सुमेधाबाईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘‘हे माझं अक्षर नाही,’’ त्या म्हणाल्या.

‘‘नाही. पण तुमच्या हाताखालचं आहे.’’

आत वर्ग भरायला लागला होता. चाळिशीच्या, पन्नाशीच्या बायका भिंतीला टेकून बसल्या, पाट्या मांडीवर घेतल्या आणि प्रत्येकीने पहिले काम एकच केले. पट्टी लावून पाटीभर आडवी रेघ ओढली.

‘‘आधी दोरी बांधा, मग कपडे वाळत घाला, असं सांगते मी त्यांना,’’ सुमेधाबाई हळू म्हणाल्या. ‘‘त्याशिवाय अक्षरं ओळीत राहत नाहीत.’’

युक्ती चांगली होती. हरिहरपंतांना एरवी ती वहीत टिपून ठेवावीशी वाटली असती.

‘‘यांतल्या कोणाचा मुलगा गेलाय?’’

सुमेधाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. मग त्यांनी सांगितले. रहिमा नावाची बाई, नवरा पूर्वीच गेलेला, एकुलता मुलगा कमाल बोटीवर खलाशी. दोन वर्षांपूर्वी मुंबईत वारला. वर्गाला आली तेव्हा इतर बायकांसारखे तिने आपले नाव लिहायला मागितले नव्हते. कमरेला खोचलेले एक पत्र काढून विचारले होते, हे वाचता यायला किती दिवस लागतील? मुलाचे शेवटचे पत्र होते. दुसऱ्याने वाचून दाखवलेले होते, पण तिला ते स्वतः वाचायचे होते. सुमेधाबाईंनी सांगितले, आठ महिने. तिने एकही दिवस चुकवला नाही.

‘‘आज आली नाही?’’

‘‘पंधरा दिवस झाले, येत नाही.’’

‘‘कामाला कुठे जाते?’’

‘‘अस्लमशेटच्या घरी,’’ सुमेधाबाई म्हणाल्या.

५

गुरुवारी हरिहरपंतांनी तीन पानी फिर्याद लिहिली आणि ती घेऊन ते जन्नतबीच्या घरी गेले. अख्ख्या नोकरीत त्यांनी जे कधी केले नव्हते ते आज करणार होते, आणि ते करताना त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

‘‘डॉक्टरांचा आग्रह आहे,’’ ते म्हणाले. ‘‘नीट वाच. चूक असेल तर सांग. मग सही कर.’’

जन्नतबीने कागद हातात घेतले. बरोबर सुलटे धरले. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. वाचणाऱ्याचे डोळे कुठे अडतात, कुठे मागे येतात. तिचे डोळे कुठेही अडले नाहीत. होडीतून जाणारा माणूस किनाऱ्याकडे पाहतो तसे ते ओळींवरून सरकत गेले. तिसरे पान संपल्यावर तिने मान हलवली.

‘‘बरोबर हाय.’’

आणि खाली वळणदार, सुबक सही केली. जन्नत गफूर सोलकर.

हरिहरपंतांनी दुसऱ्या पानावर बोट ठेवले आणि मोठ्याने वाचले, ‘‘‘सदर सूचना मी स्वतः माझ्या हाताने फळीवर लावली.’ हे बरोबर आहे, जन्नतबी?’’

तिने कागद खाली ठेवले. बाहेर कोणी तरी कोळंबी सोलता सोलता शेजारणीला हाका मारत होते, ते ऐकू येत राहिले.

‘‘खळ तुझी, किल्ली तुझी,’’ ते म्हणाले. ‘‘कागद तूच लावलास. मग मी स्वतःला विचारलं, आपलंच नाव घालवणारा कागद माणूस आपल्या हातानं का लावील? आणि लावून तीन तास त्याच्यासमोर का बसून राहील? एकच उत्तर आलं. कागद लावणाऱ्याला तो वाचता आला नाही. मंगळवारी सकाळी रहिमानं तो आणून दिला आणि शेटनी फळीवर लावायला सांगितलंय म्हणाली. नेहमीसारखा तू लावलास. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, की तू वाचणार नाहीस. आणि हेही ठाऊक होतं, की कोणी दिला हे तू मागाहून सांगू शकणार नाहीस. सांगशील तर सगळंच सांगावं लागेल.’’

जन्नतबीने सहीच्या कागदावरून हात फिरवला, जणू सही पुसता येईल.

मग तिने सांगितले, हळूहळू आणि तुटक. नवरा, गफूर, समुद्रात बुडाला तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. आधीच्या डॉक्टरांनी विचारले, वाचता येते का, आणि ती हो म्हणाली. सही एका नातेवाइकाकडून चित्रासारखी शिकून घेतली. डॉक्टर तोंडी सांगत ते औषध लक्षात ठेवले, बाटल्या हाताने ओळखल्या. त्यात कधी चूक झाली नाही. पुढे बायका पत्रे घेऊन येऊ लागल्या. नाही कसे म्हणायचे? बोटीवरचा माणूस लिहितो काय, हे तिला दुसऱ्यांनी वाचून दाखवलेल्या नवऱ्याच्या पत्रांवरून पाठ होते. घरात सगळ्यांना सलाम. मी खुशाल आहे. बोट अमुक बंदराला चालली. ईदला येतो. ती तेच वाचून दाखवी. सगळ्या पत्रांत तेच असते.

‘‘सगळ्या नाही,’’ हरिहरपंत म्हणाले.

तिने मान खाली घातली. कमालच्या पत्रात काय होते, हे तिला अजूनही माहीत नव्हते, आणि तिने विचारले नाही.

६

रहिमाला लपवायचे काही नव्हते. ती जणू वाटच पाहत होती. हरिहरपंत अंगणात शिरताच तिने पाट टाकला आणि विचारले, ‘‘समन्स आणलंत?’’

‘‘नाही.’’

तिचा चेहरा पडला. मग तिने कमरेचे पत्र काढले. घड्यांवर फाटलेले, मागून कापडाची पट्टी लावलेले.

जन्नतने वाचून दाखवले होते, खुशाल आहे, बोट आफ्रिकेला चालली, ईदला येतो. रहिमाने पत्र उशाखाली ठेवले आणि ईदच्या शेवयांची तयारी केली. एकोणीस दिवसांनी मुंबईहून तार आली. दोन वर्षे ती समजत होती, की बोट मध्येच परत आली असेल, पोरगा अचानक आजारी पडला असेल, अल्लाची मर्जी. पंधरा दिवसांपूर्वी, एका दुपारी, एकेका अक्षराखाली बोट ठेवून तिने पत्र स्वतः वाचले.

मी बोटीवर नाही. मुंबईला इस्पितळात आहे. छातीत पाणी झाले आहे. मामूला लगेच पाठव, नाही तर तू ये. इथे माझे कोणी नाही.

‘‘एकोणीस दिवस त्यानं दाराकडे बघितलं असंल,’’ रहिमा म्हणाली. ‘‘आणि मी इथं शेवया वळत होते.’’

हरिहरपंतांनी विचारले, की हे तिने डॉक्टरांना का सांगितले नाही? विश्वस्तांना का नाही? खऱ्या तक्रारीला कायद्यात जागा आहे. ज्याला अधिकार आहे त्याच्याकडे चांगल्या बुद्धीने तक्रार नेली, तर ती बदनामी होत नाही.

‘‘सांगितलं असतं तर जन्नत म्हणाली असती, ही येडी झाली पोराच्या दुःखानं. आठ महिन्यांची अक्षरं माझी, सोळा वर्षांची तिची. कोणाचं खरं धरलं असतं? म्हणून म्हटलं, तिलाच कोर्टात नेऊ दे मला. तिथं न्यायाधीश इचारील, मुलगा मारला हे कशावरून लिहिलंस? मग मी पत्र काढीन. सगळ्यांपुढं वाचीन. मोठ्यानं. मला वाचता येतं आता.’’

हरिहरपंतांनी तिला कायदा सांगितला, सगळा, न गाळता. ‘मारला’ हा शब्द कोर्टात टिकणार नाही. त्याबद्दल तिला शिक्षा होऊ शकेल, कदाचित तुरुंगसुद्धा.

‘‘होऊ दे,’’ रहिमा म्हणाली. ‘‘पण आधी वाचू देतील ना?’’

‘‘देतील.’’

‘‘मग फिर्याद घालायला सांगा तिला.’’

तिथून ते परत जन्नतबीकडे गेले आणि तिलाही सगळे सांगितले. पत्रातला मजकूर त्यांनी शब्दन् शब्द सांगितला. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. फिर्याद केलीस तर कागद कसा लागला हे शपथेवर सांगावे लागेल, आणि मग पत्र वाचले जाईल. फिर्याद केली नाहीस तर सभा तुला काढील, आणि मुलगा मारल्याचा डाग राहील. तिसरा रस्ता अवघड आहे, पण आहे. सभेत उभे राहून आपणच सांगायचे, की मला वाचता येत नाही, आणि माझ्या हातून असे झाले.

‘‘नोकरी तरी राहील त्यानं?’’

‘‘नाही. पण तू खुनी नाहीस, हे लोकांना कळेल. आणि रहिमाला जे हवं आहे ते थोडं तरी मिळेल.’’

जन्नतबी चुलीकडे गेली. फिर्यादीची तीन पाने ते तिथेच ठेवून आले. ती घालायची की नाही हे आता तिच्या हातात होते, आणि फार तर चोवीस तास होते.

७

शुक्रवारी चार वाजता ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. चार विश्वस्त, डॉक्टर, हरिहरपंत. अंगणात मांडवीतल्या बायका दाटीने उभ्या होत्या. रहिमा त्यांच्यात नव्हती. ती समन्सची वाट पाहत घरी बसली होती.

डॉक्टरांनी आधीच सांगून टाकले, की त्यांना यातले एकही अक्षर खरे वाटत नाही आणि फिर्यादीचा खर्च ते स्वतः करतील. अस्लमशेटनी मान डोलावली आणि जन्नतबीला विचारले, कोर्टात जाणार का?

‘‘नाही.’’

‘‘का?’’

तिने हरिहरपंतांकडे पाहिले. तिच्या तोंडात शब्द आला आहे, असे त्यांना वाटले. ‘मला’ एवढे ती म्हणालीही. मग तिने अंगणातल्या बायकांकडे पाहिले. सोळा वर्षे त्यांच्या नवऱ्यांची, मुलांची पत्रे तिने वाचली होती. त्यांतल्या किती जणींनी ती अजून पेटीत जपून ठेवली असतील, कोण जाणे.

‘‘मला नाय जायचं,’’ ती म्हणाली. ‘‘कागदात लिवलंय ते खरं हाय. मुलगा माझ्या हातनं मेला.’’

अंगणात कोणाचा तरी श्वास जोराने आत गेला. डॉक्टर उठून उभे राहिले. कोणता मुलगा? केव्हा? कोणते औषध? ते विचारत राहिले आणि ती मान हलवत राहिली. पदराची गाठ सोडून तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि बायकांच्या मधून निघून गेली. बायकांनी वाट दिली, नको तितकी रुंद.

हरिहरपंत बसून राहिले. एक वाक्य बोलले असते तर पुरले असते. पण ते वाक्य तिच्या नावावर तिसऱ्या माणसापुढे, तिच्या इच्छेविरुद्ध टाकण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता? आणि न बोलण्याचा तरी कोणी दिला होता? कायद्याने दोन्हींचे उत्तर ते देऊ शकले असते, आणि दोन्ही उत्तरे बरोबर ठरली असती. ते बोलले नाहीत.

रहिमाकडे ते पायीच गेले. फिर्याद होणार नाही, हे त्यांनी दारातच सांगितले. जन्नतने सगळ्यांपुढे कबूल केले, मुलगा आपल्या हातून मेला म्हणाली. आता कोर्ट नाही, समन्स नाही.

‘‘कसा मेला, ते सांगितलंन?’’

‘‘नाही.’’

‘‘कमालचं नाव घेतलंन?’’

‘‘नाही.’’

रहिमाने कमरेला खोचलेले पत्र चाचपले.

‘‘म्हंजे परत खोटंच वाचून दाखवलंन,’’ ती म्हणाली.

मग तिने विचारले, की तिला स्वतःला फिर्याद घालता येईल का. वाचता येत नसताना पत्र वाचून दाखवले, माणूस मरत असताना खुशाल आहे म्हणून सांगितले, याला काही कलम असेलच. हरिहरपंतांनी सारी कलमे मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. कोणाला कायदा समजावताना उत्तर येत नसले तर येत नाही म्हणून सांगावे, असा त्यांचा नेम होता.

‘‘याला कलम नाही,’’ ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी औषधाच्या खिडकीत इशरत बसली. बाटल्यांच्या गळ्यातले दोरे तिने कापून टाकले आणि चिठ्ठ्या वाचून औषधे दिली. ओसरीवर बायका पुन्हा बोलू लागल्या होत्या. जन्नतने कोणाचा मुलगा मारला असेल, याची त्यांनी मोजदाद केली होती. एकीच्या मते बंदरावरच्या सावित्रीचा, जो गोवराने गेला होता. दुसरी म्हणे, चिमाचा. तिसऱ्या एकीला तर तो नक्की माहीत होता आणि तिने औषधाचा रंगही सांगितला. आठवडाभरात अशी पाच नावे झाली, आणि मांडवीत ज्याला त्याला ती पाठ होती.

त्यात कमालचे नाव नव्हते.